सातव्या मुलाचा लाल दोरा

त्या रविवारी आमच्या वृद्धाश्रमात इतकी गर्दी झाली की चहाचे कप पुरेनात. चर्च सुटल्यावर निम्मं गाव डेलिया गिलमार्टिनच्या खाटेभोवती जमलं होतं. आयर्लंडमधल्या लेट्रिमच्या या कोपऱ्यात दुसरी करमणूक तरी काय आहे म्हणा! आणि चमत्कार कुठे झाला होता? तर डेलियाच्या माकडहाडावर. तो पांघरुणाखाली असल्यामुळे कोणालाच दिसत नव्हता, पण श्रद्धाळूंना तेवढं पुरतं.

मांडीचं हाड मोडल्यापासून डेलिया पाठीवरच पडून होती. नर्स असम्प्टा कूस बदलायला आली की ती गुरकावायची, "मी काय तव्यावरची बटाट्याची पोळी आहे उलटायला?" शेवटी माकडहाडावर लाल चट्टा उठला. असम्प्टाने बोटाने दाबून पाहिलं. बोटाखालची कातडी क्षणभर पांढरी पडायला हवी होती, पण लाली जाईना.

"ही जखमेची सुरुवात आहे," ती म्हणाली. डेलियाच्या नातीचं लग्न महिन्यावर आलं होतं. त्या पोरीला डेलियानेच वाढवलेलं. जखम झाली असती तर लग्नात बसणं सोडाच, जिवाशी खेळ होता.

तेवढ्यात मॅलॅकी गिलहूली उगवला. आमच्याकडे मध्ये एकही मुलगी न होता ओळीने सात मुलगे झाले, तर सातव्याच्या हाताला गुण असतो असं मानतात. मॅलॅकी सातवा. त्याने खाटेच्या कठड्याला लाल दोरा बांधला.

"औषध नको, आभारही नकोत. आभार मानलेत की गुण गेलाच समजा. दोरा दर दोन तासांनी बाजू बदलणार. नुसती मान वळवून भागणार नाही हं, डेलियाबाई. अख्खं अंग दोऱ्याकडे हवं."

नर्ससाठी बोटभर न हलणारी बाई दोऱ्यासाठी मुकाट वळू लागली. असम्प्टा गंभीर चेहऱ्याने दोरा इकडून तिकडे बांधायची आणि पाठीशी उशी लावायची. आठवड्यात लाली गेली, म्हणून ती रविवारची गर्दी.

गर्दी पाहून मॅलॅकीला चेव आला. "एकट्या डेलियाबाईंनाच का? साऱ्या खोलीला गुण देतो!" म्हणत त्याने दोरा छताच्या दिव्याला बांधला. झालं! चारही खाटांवरच्या बाया छताकडे डोळे लावून उताण्या पडल्या. असम्प्टाने उशी आणली की चौघी एका सुरात ओरडायच्या.

काही दिवसांत डेलियाचा चट्टा परत आला. शेजारणीच्या टाचाही लाल झाल्या.

"तुमच्यातल्या कोणीतरी आभार मानलेत," मॅलॅकी म्हणाला. चौघी एकमेकींकडे संशयाने पाहू लागल्या.

मला राहवेना. गुडघे गेल्यापासून मीही याच आश्रमात राहतो. पण त्याआधी गावात मास्तर होतो आणि गिलहूलींची सगळी पोरं माझ्याच हाताखालून गेली होती.

"मॅलॅकी, तुझ्या घरात पाचवा मुलगा डोमिनिक. त्याच्यानंतर कोण झालं?"

"फर्गस, मास्तर."

"आणि त्या दोघांच्या मध्ये?"

मॅलॅकी दिव्यावरच्या दोऱ्याची गाठ घट्ट करू लागला.

"मी," उशी झटकत असम्प्टा म्हणाली.

ती त्याची सख्खी बहीण. साऱ्या गावाला ठाऊक होतं, फक्त मोजताना तिला कोणी धरलंच नव्हतं.

"पण गुण आला होता की गं!" डेलिया रडकुंडीला आली होती.

"आला होता ना. एकाच जागी भार पडून राहिला की तिथलं रक्त अडतं आणि कातडी मरायला लागते. दोऱ्यापायी तुम्ही वळत होतात, भार हलत होता. मी म्हटलं, वळताहेत ना, वळू देत. छताकडे बघत पडलात आणि सगळं मुसळ केरात."

"आणि दोरा?"

"तो काढते. कूस तेवढी बदला आणि काय होतं ते स्वतःच बघा."

डेलिया कुरकुरत वळली. दोऱ्याशिवाय वळत राहिली आणि दोऱ्याशिवायच लाली गेली. लग्नात ती मऊ गादीच्या चाकाच्या खुर्चीवर बसली होती, आणि पाद्रीबाबांचं प्रवचन लांबलं तशी दर थोड्या वेळाने या कुशीवरून त्या कुशीवर सरकत होती. लोकांना वाटलं, कंटाळली. मला तिचा अभिमान वाटला.

मॅलॅकी हल्ली दुपारी येतो आणि बहिणीच्या हुकमाखाली उशा लावतो. त्याच्या हाताला आता खरंच गुण आहे.

तुमच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलं असेल, तर सातवा मुलगा शोधत हिंडू नका. पहिला चालतो, शेजारी चालतो, मोजायची राहून गेलेली मुलगीही चालते. खाटेपाशी जा आणि कूस बदलायला हात द्या.