पंचेचाळीस पावलं

मंजुषा तायडेचा अमरावतीला राजापेठेत दुसऱ्या मजल्यावर फोटो स्टुडिओ आहे. लग्न, साक्षगंध, बारसं, कोचिंग क्लासच्या पोरांचे पासपोर्ट फोटो, सगळं ती करते आणि नीट करते. तिच्या कामाला नाव ठेवणारं माणूस सहसा भेटणार नाही. फक्त तिला जुन्या लेन्सांचा नाद आहे. परतवाड्यात नाहीतर अंजनगावात एखादा जुना स्टुडिओ बंद होतोय असं कानावर आलं की ती स्कूटी काढते आणि पिशवीभर काचा घेऊन परत येते.

तिचा कॅमेरा नवा, मिररलेस. त्यावर जुनी लेन्स सरळ बसत नाही, मध्ये एक कडं लागतं. त्याला अ‍ॅडॉप्टर म्हणतात. एका बाजूनं कडं कॅमेऱ्यात अडकवायचं आणि दुसऱ्या बाजूनं त्यात लेन्स आट्यांवर फिरवून बसवायची. मग फोकस हातानं, उजेड अंदाजानं. एवढा उपद्व्याप कशाला, असं विचारलं तर मंजुषा सांगते की जुन्या काचेतून माणूस मायेनं दिसतो. तिचा नवरा अनुप म्हणतो, मायेनं नाही, धूसर दिसतो.

या फेब्रुवारीत तिला अकोटच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओत टॉवेलात गुंडाळलेली एक लांबडी लेन्स मिळाली. एकशे पस्तीसची, म्हणजे लांबचं जवळ आणणारी. उजेडाचं छिद्र लहानमोठं करणारी आतली पाती जुन्या तेलानं चिकटून बसली होती, पण काच स्वच्छ होती. येत्या रविवारी तिला शेंदूरजनाघाटला भुयार कुटुंबाच्या संत्र्याच्या बागेत काम होतं. मृग बहाराची फळं झाडावर होती. या लेन्समधून मागची संत्री कशी गोल गोल दिव्यांसारखी दिसतील, ते तिच्या डोळ्यांसमोर येऊ लागलं. या लेन्सला बसणारं कडं तिच्याकडे नव्हतं, आणि मागवावं तर यायला आठ दिवस लागणार होते. म्हणून ती अकोटलाच बशीरचाचांकडे गेली.

बशीरचाचांचं धातू कातायचं लेथ मशीन आहे. कापसाच्या जिनिंगच्या मशीनचे भाग ते तीस वर्षांपासून बनवतात. मंजुषानं त्यांना नमुना म्हणून एका मोडक्या लेन्सचं बूड दिलं आणि मापं चिठ्ठीवर लिहून दिली. त्यांनी पितळेचं असं देखणं कडं करून दिलं की ती हातात घेऊन बघतच राहिली.

"बेटा, एक बार बसलं का हलणार नाही," चाचा म्हणाले. "जिनिंगवाल्याईले विचारा. बशीरचा माल परत येत नाही."

तिला ती कड्याची स्तुती वाटली.

रविवारी ती एकटीच शेंदूरजनाघाटला पोचली. अनुप दुसरा कॅमेरा घेऊन अकोल्याच्या लग्नावर गेला होता. भुयारांकडे तानुबाईंना ऐंशी वर्षं पूर्ण झाल्याचा कार्यक्रम होता. त्यांचा थोरला मुलगा देवीदास फाटकापाशीच उभा होता.

"ताई, फोटो असा पाह्यजे का नव्या घराच्या हॉलात सोफ्याच्या वर बसला पाह्यजे," तो म्हणाला. "सहा फुटाची फ्रेम बनवून ठेवली. घरचे सारे मिळून त्र्याऐंशी डोस्के हायेत. एकही कमी नोको."

"होऊन जाईन भाऊ," मंजुषा म्हणाली. "आधी आजीचे दोनचार फोटो काढते."

बॅगेत नेहमीची लेन्स होती, चांगली, रुंद, त्र्याऐंशी माणसं सहज घेणारी. ती तशीच ठेवून मंजुषानं पितळेचं कडं आणि लांबडी लेन्स चढवली. कॅमेऱ्यानं लगेच पडद्यावर लिहिलं की लेन्स लावलेली नाही. जुनी लेन्स त्याला ओळखू येत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं सेटिंग बदललं आणि तानुबाईंना झाडाखाली बसवून फोटो काढायला घेतले. मागची संत्री खरोखरच दिव्यांसारखी दिसली. ती इतकी खूश झाली की दोनचार फोटोंचे साठ झाले, आणि अर्धा तास कॅमेरा उन्हात राहिला.

"झालं का वं?" तानुबाई म्हणाल्या. "मी काय नवरी हाओ?"

मग मंजुषा नेहमीची लेन्स लावायला गेली, तर कडं निघेना.

तिनं डावीकडे फिरवलं. रुमाल घेऊन फिरवलं. कॅमेरा मांडीत दाबून फिरवलं. लेन्स आट्यांतून सुटेना आणि कडं कॅमेऱ्यातून सुटेना. देवीदासचा मोठा जावई शेषराव वरुडहून आलेला. वजन शंभराच्या वर, आणि त्याचा त्याला अभिमान. तो म्हणाला, द्या इकडं. त्यानं असा पीळ दिला की कॅमेऱ्याचा पट्टा तुटला, कडं तसंच. पीळ देताना चुकून बटणाला हात लागून सेटिंग बदललं असावं, कारण पडद्यावर पुन्हा तीच सूचना आली. कॅमेरा म्हणत होता लेन्स नाही, आणि लेन्स निघत नव्हती.

"मोबाइलवर काढा मंग," कोणीतरी म्हणालं.

"मोबाइलचा फोटो मोबाइलातच राह्यते," देवीदास म्हणाला. "भितीवर येत नाही."

मंजुषानं सेटिंग पुन्हा नीट केलं आणि मनाशी विचार केला. लांबचं जवळ आणणारी लेन्स आहे, तर आपणच लांब जाऊ. तिनं त्र्याऐंशी जणांना घरासमोरच्या खळ्यात तीन रांगांत उभं केलं आणि मागे चालायला लागली. डोळा लावला तर देवीदासची मिशी आणि शेजारच्याचा अर्धा कान. आणखी मागे गेली. पुन्हा डोळा लावला, तर पुन्हा मिशीच. तिनं मान वर केली. अख्खा परिवार तिच्यामागोमाग चालत आला होता.

"भाऊ, मी मागं जाऊन राह्यली, त तुमी काहून पुढं येऊन राह्यले?"

"तुमी काय म्हणता ते ऐकू येत नाही न ताई."

तिनं सगळ्यांना परत जागेवर नेलं. देवीदासच्या सुनेच्या, शकुनच्या, हातात मोबाइल दिला, स्पीकर चालू केला आणि स्वतः दुसरा कानाला लावून निघाली. आता ती बोलायची ते खळ्यात मोठ्यानं ऐकू जायचं. बागेच्या दोन रांगांमधून ती उलटी चालत गेली, ठिबकच्या नळीत पाय अडकून एकदा बसली, उठली आणि पुढे, म्हणजे मागे, गेली. हळूहळू दहा माणसं मावली, मग वीस, मग तीस. मावणारी माणसं वाढत चालली तशी ती खूश होत होती, आणि तेवढ्यात सगळे धूसर झाले.

तिनं फोकसचं कडं शेवटापर्यंत फिरवलं. चेहरे स्वच्छ होईनात. एक पाऊल पुढे आली, तर देवीदासची मिशी केसाकेसानं दिसली. एक पाऊल मागे, आणि सगळा परिवार पिठलं. तिनं खळ्यापर्यंत पावलं मोजली. पंचेचाळीस. पंचेचाळीस पावलांपर्यंत लेन्स चालत होती, सेहेचाळिसाव्याला बंद. छिद्र बारीक करून धूसरपणा झाकावा म्हटलं, तर पाती तेलानं चिकटलेली. आणि पंचेचाळीस पावलांवरून चाळीसच माणसं मावत होती.

तिनं बशीरचाचांना फोन लावला.

"चाचा, लांबचं स्वच्छ नाही दिसून राह्यलं. अन् कडं निघत नाही."

"पितळ हाय बेटा. उन्हात ठेवलं असन त फुगलं असन. थंड होऊ द्या, सुटन," चाचा म्हणाले. "अन् लांबचं काहून दिसत नाही? जाडी किती पाह्यजे होती?"

"सत्तावीस पॉइंट सेहेचाळीस मिलिमीटर."

फोनवर मशीनचा आवाज आला. मग कागद उलगडल्याचा.

"तुमच्या चिठ्ठीवर अठ्ठावीस लिहिलं हाय."

मंजुषाला आठवलं. स्कूटीच्या सीटवर कागद ठेवून तिनं ते लिहिलं होतं, आणि अर्ध्या मिलिमीटरनं काय होते, असं म्हणून आकडा सोपा केला होता.

"मी अठ्ठावीसच कापलं," चाचा शांतपणे म्हणाले. "एक सूत इकडं-तिकडं नाही."

त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. ती खळ्यात परत आली आणि खरं काय ते सांगून टाकलं. चूक तिचीच, कडं थंड झाल्यावर सुटेल असं चाचा म्हणतात पण कधी ते सांगता येत नाही, तोवर फोटोत चाळीसच जण येतील, दोन फोटो काढून जोडून देते.

खळ्यात कुजबुज सुरू झाली. पहिल्या चाळिसांत कोण, हा प्रश्न निघाला. शेषराव जावई म्हणून पहिल्या चाळिसांत येऊन उभासुद्धा राहिला. देवीदासचे दोन भाऊ एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. तानुबाई खुर्चीवरून हे सगळं बघत होत्या.

"आडवं मावत नसन त उभं लावा ना," त्या म्हणाल्या. "संत्र्याचे क्रेट तुमी ट्रॉलीत एका रांगेत ठेवता का रे?"

मंजुषानं कॅमेरा उभा धरून बघितलं. रुंदीला आठ-नऊ माणसं, पण उंची भरपूर. पार घराच्या सज्ज्यापर्यंत.

मग अर्धा तास भुयारांच्या खळ्यात माल भरावा तशी माणसं भरली गेली. दोन ट्रॉल्या एकीमागे एक लावल्या. जमिनीवर तीन रांगांत पोट्टे बसवले. त्यांच्यामागे खुर्च्यांवर तानुबाई आणि म्हातारी मंडळी. त्यामागे दोन रांगांत उभ्या सुना. पहिल्या ट्रॉलीत दाटीनं दोन रांगांत लेकी, दुसरीत उलटे क्रेट मांडून त्यावर माणसं, आणि त्यामागे क्रेटवर क्रेट ठेवून सगळ्यात वरची रांग. या कामात देवीदासला तीस वर्षांचा अनुभव होता. कोणाला कुठं ठेवायचं हे तो वजनावरून सांगत होता, आणि जड खाली, हलकं वर, हा त्याचा नियम होता.

शेषराव अडून बसला. खाली, ट्रॉलीच्या चाकाजवळ, तो उभा राहणार नव्हता.

"जावयाले चाकाजवळ उभं करता का?"

"जावई, तुमचं वजन पाहा," देवीदास म्हणाला.

"मान पाहा आधी."

मानापुढे देवीदासचा नियम हरला. चौघांनी ढकलून शेषरावला सर्वांत वरच्या रांगेत चढवलं. तिथं तो छाती काढून उभा राहिला. मंजुषा पंचेचाळीस पावलं मोजत मागे गेली. शकुननं मोबाइल खालच्या एका पोट्ट्याच्या हातात देऊन आपली जागा घेतली.

"सारे इकडं पाहा," मोबाइलमधून आवाज आला. "हलू नोका. एक. दोन."

तीन म्हणायच्या आत शेषरावखालचा क्रेट तडकला. शेषराव पडला नाही, तो सरळ क्रेटच्या आत गेला. कमरेपर्यंत. त्याचे हात वर, तोंड उघडं, आणि आवाज असा निघाला की शेजारच्या बागेतले बगळे उडाले. सगळ्या परिवारानं वळून वर बघितलं आणि एकदम हसू फुटलं. मंजुषाचं बोट बटणावर होतंच.

शेषरावला क्रेटमधून काढायला वीस मिनिटं लागली. तोवर कोणाचंच हसू थांबेना, आणि उन्हात पुन्हा रांगा लावायला कोणी तयार होईना. सगळे जेवायला बसले. मंजुषानं कॅमेरा ओसरीवरच्या टेबलावर ठेवला होता. जेवून येऊन बघते तर टेबल रिकामं.

"फ्रीजमंधी ठेवला," तानुबाई म्हणाल्या. "तो तुमचा चाचा सांगत होता ना, थंड होऊ द्या म्हणून."

मंजुषा धावत स्वयंपाकघरात गेली. श्रीखंडाचा डबा आणि कढीपत्त्याची जुडी यांच्यामध्ये तिचा कॅमेरा नीट धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. तिनं घाबरत घाबरत कडं फिरवलं. ते बरणीच्या झाकणासारखं सुटलं. कॅमेरा कोमट होईपर्यंत ती तो पुसत राहिली, आणि चालू केल्यावर तो चालू झाला.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर तिनं नेहमीची लेन्स लावून तीन सरळ रांगांत सगळ्यांचा फोटो काढला. त्र्याऐंशी डोकी, एकही कमी नाही, कोणाचे डोळे मिटलेले नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात तिनं कडं अकोटला नेलं. चाचांनी मशीनवर अर्धा मिलिमीटर उतरवून दिलं आणि नवी चिठ्ठी तिच्याच हातानं लिहून घेतली. मग दोन्ही फोटो घेऊन ती शेंदूरजनाघाटला गेली. देवीदासला सरळ रांगांचाच पाहिजे होता, कारण तो सहा फुटांच्या फ्रेमीत बसत होता. तानुबाईंनी चष्मा लावून तो फोटो बराच वेळ बघितला.

"याच्यात साऱ्याईले नोटीस आल्यासारखी दिसते," त्या म्हणाल्या. "दुसरा लावा."

उभा फोटो सोफ्याच्या वर मावला नाही. तो जिन्याच्या भिंतीवर लागला, खालपासून वरपर्यंत. आडव्या फ्रेमीत देवीदासनं संत्र्याच्या झाडाखालचा तानुबाईंचा फोटो मोठा करून घातला.

शेषराव आधी या फोटोचं नाव काढू देत नव्हता. महिन्याभरानं त्यानं मंजुषाला फोन करून त्याची एक मोठी प्रत मागवली. फोटोतली डोकी त्यानं मोजून पाहिली होती. तानुबाई तेवढ्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या, हलू नका म्हटलं म्हणून. वरुडला त्याच्याकडे कोणी बसायला आलं की तो त्यांना भिंतीपाशी नेतो.

"सासुरवाडीत मान कसा असते ते पाहा," तो म्हणतो. "एक्क्याऐंशी माणसं माझ्याकडंच पाहून राह्यले."