देवचाराच्या फांदीखालून डबलडेकर

डबलडेकर बस म्हटली की तुम्हाला मुंबई आठवते ना? मग ऐका. एक डबलडेकर आपल्या सर्वणात होती, गोव्यात, डिचोली शहरापासून हाकेवर, बाबाजींच्या भाटात म्हणजे बागायतीत, काजूच्या झाडांमध्ये उभी. आणि तिच्या वरच्या मजल्यावर कोंबड्या राहायच्या.

थट्टा नाही! खाणी जोरात होत्या तेव्हा एका ठेकेदाराने ती मुंबईहून भंगारातून उचलून आणली होती, कामगारांना खाणीवर न्यायला. ताराचा बाप ती चालवायचा. तारा तेव्हा एवढीशी. वरच्या मजल्यावर काचेला नाक लावून बसायची आणि आपणच गाडी चालवतोय अशा थाटात खाणीपर्यंत जाऊन यायची. मग खाण बंद पडली, ठेकेदार गेला तो गेलाच, आणि बस बाबाजींच्या भाटात राहिली ती राहिलीच. टायर बसले, चाकं चिखलात रुतली, वेली चढल्या. बाबाजींच्या बायकोने, कमलाक्षीकाकीने, वर कोंबड्या सोडल्या. कोल्ह्याला जिना चढता येत नाही, असं तिचं म्हणणं.

तारा मोठी झाली, आयटीआयत मेकॅनिकचं शिकली आणि एक दिवस सरळ बाबाजींच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बाबाजीबाब, ती बस आमकां दिया. आमी ती नीट करतलों."

बाबाजी म्हणजे गावकार, देवळातले मानकरी. दारातून आधी त्यांचं पोट बाहेर येतं, मागाहून बाबाजी. ते असे हसले की खुर्ची कुरकुरली. "आमी म्हणजे कोण गो?"

"मी, शंभू आणि महादेव."

शंभू डिचोली-पेडणे मिनीबस चालवायचा. नुसता इंजिनाचा आवाज ऐकून गाडीची जन्मकुंडली मांडायचा, असा वेडा. महादेव मूळचा कोल्हापूरकडचा, गॅरेजात गाड्यांचे पत्रे ठोकायचा आणि कुठलीही जुनी गाडी दिसली की तिच्याशी बोलायला लागायचा, म्हशीशी बोलावं तसा.

"बरीं शाणीं एकठांय जमल्यांत!" बाबाजी म्हणाले. "करा तर. ज्या दिवशी ती आपल्या चाकांवर चलत हमरस्त्याक लागतली, त्या दिवशी ती तुमची. पण माका जागा रिकामी जाय झाली, तर भंगारवाल्याक बोलावन कापून घालतलों. मागीर रडाक येवचां नाय."

झालं! दर आयतवारी तिघं भाटात. काकीच्या कोंबड्या खाली, ही वर. इंजिन काढलं, घासलं, परत घातलं. सुट्टे भाग कुठे कुठे हुडकले ते विचारू नका. एक पंप तर इब्रामपूरच्या एका बागायतीत सापडला, माडांना पाणी लावत होता बिचारा. रंगावरून तर तिघांचं असं भांडण झालं की दोन आयतवार कोणी कोणाशी बोललं नाही. शंभू म्हणे लाल म्हणजे मिरचीसारखा. महादेव म्हणे, "न्हाय वो, लाल म्हंजे विटंसारखा!" शेवटी ताराने जिन्याखालचा पत्रा नखाने खरवडला, आतला मूळ रंग निघाला, आणि दोघंही म्हणाले, बघ, मी हेच सांगत होतो.

एका सकाळी बस सुरू झाली. काळ्या धुराचा असा लोट की काकी घागरीत पाणी घेऊन धावली. सांगायचं काय, गाव गोळा झाला. पोदेर पाव विकायचे सोडून सायकल टाकून उभा! बाबाजी मात्र गालात हसले. "सुरू झाली म्हणजे चलता काय? गाढवय उभ्यान ओरडता."

आणि त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. मांडव कुठे घालायचा? भाटात. भाटात काय उभं? बस. बाबाजींनी भंगारवाल्याला फोन केला. शनिवारी सकाळी तो गॅसकटर घेऊन येणार.

ताराला घाम फुटला, पण तसं घाबरण्यासारखं काही नव्हतं. इंजिन चालतंय, ब्रेक लागतायत. शुक्रवारी बाहेर काढू, हमरस्त्याला लावू, डिचोलीला शंभूच्या भावाच्या शेडमध्ये नेऊन ठेवू. वाटेत एकच जागा अवघड होती, ती त्यांनी केव्हाच मापून ठेवली होती.

ती जागा म्हणजे वडाची. भाटातून हमरस्त्याला जायची एकच अरुंद वाट, आणि वाटेच्या डाव्या हाताला वड. वडाच्या बुंध्याशी देवचाराचं ठाणं. देवचार म्हणजे गावच्या शिमेचा राखणदार. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, रात्रभर शीव फिरतो. दरवर्षी त्याला नव्या वहाणा ठेवतात आणि जुन्या वहाणांचे तळवे झिजलेले मिळतात, हे गावातला कोणीही शपथेवर सांगेल. त्या वडाचं पान कोणी तोडत नाही. आणि वडाची एक जाडजूड फांदी बुंध्याकडून निघून बरोबर वाटेवर आडवी गेलेली. तिघांनी बांबू लावून बसची उंची घेतली होती, फांदीची घेतली होती. चार बोटं जागा मिळत होती. मिळत होती म्हणजे मिळत होती!

शुक्रवारी दुपारी शंभू बसला स्टिअरिंगवर, बस डुलत डुलत निघाली. तारा पुढे पाठमोरी चालत, हात हलवत, "येऊं दी, येऊं दी, येऊं—"

खर्रर्र.

वरचा डावा कोपरा फांदीला टेकला. मिरचीही नाही नि वीटही नाही असा तो लाल रंग फांदीला लागला आणि फांदीच्या सालीचा भुगा शंभूच्या काचेवर.

मापलं होतं ना? मापलं होतं. मग? महादेव चाकापाशी उकिडवा बसला, टायरावर थाप मारली, आणि तोंड पाडून उठला.

"तारा... आपण मापलं तवा ही चिखलात बसली हुती. टायर बसलेलं, पाटं मोडलेलं."

आणि नंतर काय केलं? टायर नवे घातले. महादेवने कोल्हापूरहून पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बनवून आणले, झकास, कडक, एक वीत उंच. बस मापली म्हातारी असताना, आणि उभी केली तरणी करून! त्यात वाटेवर दर इलेक्शनला हॉटमिक्स डांबराचा एक नवा थर. तोही कोणी मापला नव्हता.

"टायरांचो वारो काढूंया," शंभू म्हणाला. काढला थोडा. अजून अर्धी वीत कमी. जास्त काढला तर रिंगांखाली टायर फाटणार. "एक बारकीशी डहाळी फकत..." असं त्याने म्हणायला तोंड उघडलं, वडाकडे बघितलं आणि मिटलं.

बस मागे घेऊन भाटाच्या तोंडाशी लावली. बाबाजी पायरीवर बसून हे सगळं बघत होते. पोट हलत होतं. "देवचारान अडयली! आतां मी कित्या बोलूं? फाल्यां शनवार, कटरवालो येता."

तारा बसच्या मागच्या पायरीवर बसून राहिली. रडली का? सांगत नाही. पण बसली, आणि बसताना पायरी किंचित खाली गेली. कुईं. उठली, पायरी वर. परत बसली. कुईं. ती तशीच उठून थेट काकीच्या मागच्या दारी गेली.

काकी नारळ खवत होती, आणि चिडलेली होती. शनिवारी सकाळीच नार्व्याला सप्तकोटेश्वराला लग्नाचं पहिलं आमंत्रण ठेवायला जायचं होतं. बाबाजींनी दोन जीप सांगितल्या होत्या, आणि दोन्ही जीपगाड्यांत सगळी बाबाजींचीच माणसं. काकीच्या माहेरची, इब्रामपूरची भावंडं, भावजया, मावश्या, घर भरून आलेली, त्यांना जागाच नाही.

"काकी," तारा एकदम गरीब गायीसारखी म्हणाली, "इब्रामपूरचीं माणसां नार्व्याक चलत जातलीं काय गो?"

"म्हज्या माणसांक कोण विचारता!" काकीने खोबऱ्यावर राग काढला.

"मी विचारतां. आमची बस जाता फाल्यां. दोन माळे आसात. सगळीं बसतलीं."

काकीने खवणीवरून मान वर केली. आणि मग काकी अशी हसली, अशी हसली की मावश्या बाहेर बघायला आल्या.

शनिवारी सकाळी काय वर्णावं! इब्रामपूरची माणसं ती, शेतातली, धट्टीकट्टी, वर बायकांच्या अंगावर साड्या, केसांत अबोली, हातांत नारळ आणि फणसाएवढ्या पिशव्या. खालचा माळा भरला, वरचा भरला. महादेव चाकांपाशी बसून पाटे बघत होता आणि प्रत्येक मावशी चढली की, "शाब्बास!" म्हणत होता. एका मावशीने त्याच्या पाठीत पिशवीच घातली. मागे दोन जीप ताटकळत. बाबाजी पुढच्या जीपमध्ये, लालबुंद.

बस वडाशी आली. कोपरा फांदीजवळ गेला. थांबली. दोन बोटं. फक्त दोन बोटं जास्त!

"उतरा सगळीं!" बाबाजी जीपमधून ओरडले. "वेळ जाता देवाची! ते धूड मागे घेया!"

"मागें कशी घेवं? तुमच्यो जीप मागें आसात," शंभू खिडकीतून एकदम नम्रपणे म्हणाला.

तारा धावत जीपपाशी आली. हात जोडलेले, चेहरा देवळातल्या घंटेसारखा पवित्र. "बाब, आमचांच चुकलां. शीव वलांडतानां देवचाराक सांगणां घालूंक नाय. गाऱ्हाणां कोण घालतलो? मानकरी तुमी. दुसऱ्याचां तो आयकता काय?"

आता हे खरंच होतं. गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं, घालायचा मान बाबाजींचाच, आणि इतक्या माणसांसमोर नाही कसं म्हणणार? ते उतरून ठाण्याकडे निघाले.

"सकयल नाय, बाब! वयर चडा. डाव्या खिडकेंत. थंयसून देवचार समोर पडता."

बसचा जिना वळणाचा. बाबाजी त्यात अडकले. काकीच्या भावांनी वरून ओढलं, महादेवने खालून खांदा लावला, आणि बाबाजी वर पोचले तेव्हा बस इतकी करकरली की बंद पडते की काय असं वाटलं. ते डाव्या खिडकीशी बसले. एक बोट गेलं! राहिलं एक.

बाबाजींनी हात जोडले, डोळे मिटले आणि गळा काढला. "बा देवा राखणदारा, म्हाराजा! आज ही लेकरां तुझी शीव वलांडून नार्व्याक जातत, तेंका सुखरूप ने, सुखरूप हाड, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी बस एका आवाजात म्हणाली, आणि गाऱ्हाण्यात वाकतात तशी सगळी माणसं ठाण्याकडे, डावीकडे, खाली वाकली. वरचा माळाही, खालचाही.

बस डावीकडे कलली. कुईंईं. कोपरा फांदीखाली!

"सोड!" तारा खालून ओरडली. शंभूने क्लच सोडला, बस वीतभर पुढे सरकली. माणसं सरळ झाली, छप्पर फांदीला टेकायला आलं, शंभूने ब्रेक मारला. तारा खिडकीखाली येऊन म्हणाली, "घालत रवा, बाब! अजून लांब आसा!"

मग काय, बाबाजी घालतायत. "घरच्या कार्याक विघ्न येवं नये!" व्हय म्हाराजा! वीतभर. "जांवय बरो निघूं दे!" व्हय म्हाराजा! ह्याला बायका जरा जास्तच वाकल्या, दोन वीत गेली. "बागायतीक बरां पीक दी!" वीतभर. "विहिरीक पाणी दी! खाणी सुरू जांव दी! नळाक सकाळीं पाणी येव दी!" डबलडेकर काय लहान असते का! अर्धी पुढे, अर्धी मागे, आणि बाबाजींचं मागणं संपलं. ते अडखळले. फांदी छपराच्या मधोमध. कोणी उठून उतरलं तर बस वर उचलली जाणार आणि अडकणार.

"सांगा, सांगा!" शंभू खालून कळवळला.

बाबाजी पुटपुटले, "आनी कितें मागूं?"

मागच्या सीटवरून काकी म्हणाली, "गाडयेचां सांगा!"

बाबाजी गाऱ्हाण्याच्या भरात, डोळे मिटलेले, घाम गळतोय. त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आनी ह्या गाडयेचेर कोणाची वायट नदर पडूं नये, कोणाचां कटर तिका लागूं नये, ती ह्या पोरांच्या हातीं बरी रवूं दे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" असा आवाज उठला की वडावरचे पक्षी उडाले, सगळी वाकली ती वाकलेलीच राहिली, आणि बस सपकन फांदीखालून बाहेर.

बाबाजींनी एक डोळा उघडला. मग दुसरा. आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा कळलं. देवचारासमोर, मानकऱ्याच्या तोंडून, सगळ्या इब्रामपूरच्या साक्षीने.

आणि समोर, वाट जिथे हमरस्त्याला मिळते तिथे, भंगारवाल्याचा टेम्पो येऊन उभा. तो उतरून वर बघतोय. "बाबाजीबाब! गाडी खंय ती कापची?"

सगळ्या बसचे डोळे बाबाजींच्या पाठीत रुतलेले. त्यांनी मान वळवून वडाकडे बघितलं, परत पुढे बघितलं, आणि खिडकीतून इतक्या जोरात ओरडले की आपलाच राग दुसऱ्यावर काढतायत हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. "खंयची गाडी रे? फुडें घे तो टेम्पो! नार्व्याक जावचां आसा आमकां, वाट अडयता!"

टेम्पो पुढे सरकला. वाट मोकळी.

तारा ड्रायव्हरच्या दाराशी आली. पायऱ्या चढली. "सरक," शंभूला म्हणाली. शंभू सरकला. तिने स्टिअरिंगवर हात ठेवला, गिअर टाकला आणि बस डुलत डुलत, अंगभर माणसं घेऊन, आपल्या चाकांवर हमरस्त्याला लागली.

वर बाबाजींना गाडीची चाल बदललेली जाणवली. त्यांनी खाली वाकून विचारलं, "कोण गो चलयता आतां? तें चेडू, तारा? बा देवा म्हाराजा!"

आणि सगळी बस, सवयीनेच, डावीकडे वाकून म्हणाली, "व्हय म्हाराजा!"