पूर्णेचा खोटा बैल

मित्रांनो, मी एक जुना जबडा आहे. इतका जुना, की तुमच्या पणजोबांचे पणजोबाही माझ्यापुढे तान्हे बाळ! अमरावतीच्या एका कॉलेजच्या संग्रहालयात राहतो. लोक मान देतात, पण खरे सांगू? मला त्या मानाची लाज वाटते.

कच्छच्या उथळ समुद्रात मी एका देवमाशाच्या तोंडात होतो. तो मेला, गाळात पुरला गेला आणि माझा दगड झाला. सहलीला आलेल्या याच कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी मला मोडका-तोडका उचलून आणले. इथे मला पूर्णा नदीतल्या हाडांच्या पोत्यात कोंबले आणि तिथेच घोटाळा झाला.

संग्रहालय सांभाळणारे खुशालराव सर म्हणजे बैलाचे तोंड उघडून वय सांगणाऱ्या घरातले. माझे दात केव्हाच गळालेले. नुसत्या खोबणी पाहून सर म्हणाले, "हा पूर्णेचा जुना बैल!" माझ्या आतल्या अंगाला, मागे, एक मोठे भोक होते. आमच्या कुळात पाण्यातला आवाज त्याच वाटेने कानाकडे जातो. सरांना वाटले, हाड फुटले असेल. त्यांनी प्लॅस्टर कालवून ते बुजवले.

मग दर पोळ्याला शाळेची मुले येऊन मला हळद-कुंकू वाहू लागली. मीही फुशारलो. एकदा गीतांजली नावाच्या विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे भोक बुजवलं काहून?"

"तुह्या घरी बैल हाय काय? मंग तुले काय समजते?"

तिच्या घरी ना शेत, ना बैल. वर्ग खो-खो हसला. पोर मान खाली घालून गेली आणि मी कुंकू मिरवत बसलो. आठवले की अजून मेल्याहून मेल्यासारखे होते.

पुढे तीच गीतांजली हाडांचा अभ्यास करून संग्रहालयाची प्रमुख झाली. यंदाच्या पोळ्याला माझ्या नव्या काचपेटीवर निवृत्त सरांचे नाव लागणार होते. तिने त्यांना आधीच बोलावले आणि त्यांच्यादेखत प्लॅस्टर खरवडले. तिचा अंगठा सहज आत गेला.

"सर, बैलाच्या जबड्यातलं भोक इवलंसं असते. हा देवमासा हाय."

सरांनीही आपला अंगठा आत घालून पाहिला. "मंग तवाच बोलली काहून नाही?"

"बोलली होती, सर."

वर तोंड करून तिच्याकडे पाहायची सरांची छाती होईना.

पोळ्याला मुले कुंकवाची ताटे घेऊन आली. सरांनी त्यांना थांबवले. "पोराहो, हा बैल नाही. मी चुकलो. या पोरीनं तवाच विचारलं होतं, अन् मी भर वर्गात तिची फजिती केली." ते तिच्याकडे वळले. "ये गीतांजली, आता तूच सांग या पोरायले."

पेटीवर सरांचे नाव लागले नाही. त्यांनीच नको म्हटले.

मित्रांनो, जुन्या हाडांवरची धूळ जरूर पुसा, पण न समजलेली गोष्ट आपल्याला हवी तशी लिंपून टाकू नका. मी नुसता जबडा, मला बोलता येत नाही. ज्याला येते, त्याला तरी बोलू द्या.