झाकणावरचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी उबवणपेटी आहे. प्रयोगशाळेत मला इन्क्युबेटर म्हणतात. सध्या मी सूक्ष्मजीवशास्त्र विभागाच्या जिन्याखाली, मोडक्या स्टुलांच्या संगतीत उभी आहे. माझी वायर कधीच कापली गेली. तरीही मधल्या फळीवर अंगठ्याएवढ्या जागी मला अजून ऊब जाणवते. तिथे काही ठेवलेलं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर मला त्या उबेची भीती वाटते.

कारखान्यात मला तापणारी तार, थर्मामीटर आणि काचेचं दार मिळालं. काम एकच. निरोगी माणसाच्या अंगाएवढी ऊब धरून ठेवायची. ना ताप चढू द्यायचा, ना उतरू द्यायचा. डोळ्यांना न दिसणारे जंतू माझ्या पोटात वाढून ठिपक्यांसारखे दिसू लागतात. कुणी लेकरं वाढवतं, माझ्या नशिबी जंतू आले!

मी आले त्याच वर्षी मॅडम शिकवायला आल्या. नोकरी कच्ची, आवाज मात्र पक्का. त्यांच्या पीएच.डी.चे जंतू मीच सांभाळले. एकदा वीज गेली, मी गार पडले आणि सगळे मेले. मॅडमनी माझ्या दारावर हात ठेवला. "तुझा काय दोष गं? चल, पुन्हा पहिल्यापासून," म्हणाल्या. पुढे त्या डॉक्टर झाल्या, विभागप्रमुख झाल्या. एका सरांनी माझ्यात जेवणाचा डबा गरम करायला ठेवला, तेव्हा त्यांनी तो चिमटीत धरून बाहेर काढला. "सर, ही जंतूंची खानावळ आहे. बसता का त्यांच्या पंगतीला?" सर आठवडाभर तोंड चुकवत होते.

पहिल्या वर्षाचं पहिलं प्रात्यक्षिक मात्र त्यांनी कधी दुसऱ्या कुणाला घ्यायला दिलं नाही. जंतूंचं खाद्य थिजवलेल्या काचेच्या प्लेटवर प्रत्येकाने अंगठा उमटवायचा. "हात स्वच्छ आहेत म्हणता? उद्या बघू." दुसऱ्या दिवशी प्लेटवर ठिपक्यांचा अंगठा उगवलेला असे आणि मुलं ओरडत. मॅडमही दर वर्षी आपला अंगठा उमटवत. आणि एक वाक्य घोटून घेत, "नाव बुडावर लिहायचं, झाकणावर नाही. झाकण आज याचं, उद्या त्याचं."

शेवटच्या वर्षी त्या प्रात्यक्षिकाला मॅडम दमलेल्या होत्या. माझ्या दाराला कपाळ टेकून उभ्या राहिल्या. मग त्यांनी अंगठा उमटवला आणि झाकणावर लिहिलं, 'मॅडम'. इतक्या वर्षांत त्यांचा हात असा चुकला नव्हता. सांगणार कशी? मला फक्त ऊब देता येते.

त्या घरी गेल्या आणि झोपेतच गेल्या.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचे मदतनीस मामा ट्रे बाहेर काढत असतानाच ही बातमी आली. ट्रे कलंडला, झाकणं घरंगळली. मामांनी हाताला येईल ते झाकण समोर दिसेल त्या प्लेटवर ठेवलं, सगळं पुन्हा माझ्यात सरकवलं आणि ते भिंतीला टेकून रडले. मी मात्र मधल्या फळीवर ऊब देत राहिले. ज्यांचा अंगठा होता त्या नव्हत्या, आणि अंगठा वाढत होता.

काही दिवसांनी मॅडमची लेक आली. ती दूरगावी होती. आईचा हात शेवटचा हातात घ्यायचा राहून गेला होता. माझ्यातून 'मॅडम' लिहिलेली प्लेट काढून तिने छातीशी धरली. तेवढ्यात एक विद्यार्थिनी पुढे आली. मॅडम तिला पहिल्या तासापासूनच लाडाने 'धांदल' म्हणत.

"ताई, थांबा. ते नुसतं झाकण आहे. सगळी झाकणं मिसळलीत हो."

"मग यातली आई कुठली?"

सगळे अंगठे पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांचे, सारखेच. मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे होतं!

धांदल एकेक प्लेट उलटी करू लागली. पहिल्यांदाच सावकाश. प्रत्येक बुडावर नाव होतं. मग एक बूड कोरं निघालं.

"आम्ही कुणीच झाकणावर लिहिलं नाही, ताई. मॅडमनी शिकवलं होतं ना! जिच्यावर नाव नाही, त्या मॅडम."

लेकीने काचेखालून आपला अंगठा आईच्या अंगठ्याला लावला.

"घरी नाही नेता येणार," डबेवाले ते सर हळूच म्हणाले.

"माहितेय. आईच रागावेल." तिने पेन मागितलं, बुडावर 'आई' लिहिलं आणि जंतू मारणाऱ्या वाफेच्या यंत्रात ती प्लेट स्वतःच्या हाताने ठेवली.

मित्रांनो, मला रंग नको, हार नको. आपल्या माणसाचा हात माझ्यासारख्या पेटीत शोधायची वेळ येऊ देऊ नका. तो ऊबदार आहे तोवर धरा. आणि जिन्याखालून गेलात तर क्षणभर माझ्या दारावर हात ठेवा. मॅडम ठेवायच्या, अगदी तस्सा.