झारीतलं शेवटचं पिल्लू

मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. झाई गावात नवीनशेठच्या नर्सरीत, शेडच्या खांबावर, खिळ्याला टांगलेली. मित्रांनो, वयाने शहाणपण येतं म्हणतात. मी मात्र म्हातारपणीच गोंधळले.

माझे चांगले दिवस होते तेव्हा जमना मला रोज सकाळी भरायची. जमना म्हणजे इथली जुनी कामकरीण, पाड्यावरून चालत येणारी. माझ्या चाळणीतून सगळ्या वाफ्याला सारखं पाणी पडायचं. लहान-मोठं, सरळ-वाकडं असा भेद मी कधी केला नाही. शेठ गिऱ्हाइकाला सांगायचे, "नळीने रोप झोपतं. पाणी घालावं तर झारीनेच." ते ऐकून मी फुगायचे. एकच गोष्ट मला पटत नसे. मिरचीची रोपं विकायला काढण्याआधी जमना त्यांचं पाणी तोडायची. रोपं माना टाकायची आणि ती मला खुशाल खिळ्याला अडकवून ठेवायची. "आता सोसायला शिकू दे त्यांना," म्हणायची. काय ही निर्दयी बाई, असं मला वाटायचं.

२०१४ साली फवाऱ्याच्या नळ्या आल्या. माझा तळ गंजला आणि मी खिळ्यावर कायमची राहिले.

२०१७च्या उन्हाळ्यात दयाळ पक्ष्यांच्या जोडीने माझ्या पोटात काड्या भरल्या. तीन पिल्लं झाली. म्हटलं, चला, पुन्हा काम लागलं! पण कसलं काम! आई-बाप अळी घेऊन आले की तिघं पंख फडफडवत, चोची वासून असा गलका करायची की माझा पत्रा थरथरायचा. आणि अळी कुणाला? जो जास्त बोंबलेल त्याला! रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, हे मी ऐकलं होतं. पण मघाशी खाल्लेलाच पुन्हा सगळ्यांत मोठ्याने रडायचा, त्याचं काय? मला काही समजेना.

मग एक दिवस आई-बाप आत यायचेच बंद झाले. चोचीत अळी धरून समोरच्या चिकूवर बसायचे आणि नुसते बोलवायचे. दोन पिल्लं भुर्रकन गेली. तिसरं माझ्या काठावर बसून ओरडत राहिलं. खाली शेठचं मांजर येऊन बसलं.

जमनाची पोर नीलम सुट्टीत आईबरोबर यायची. ती डब्यातला भात घेऊन धावली.

"नको घालू," जमना म्हणाली. "त्याची आये समोरच बसलीय."

"मग देत का नाही? तोंडात धरून बसलीय नुसती!"

अगदी माझ्या मनातलं बोलली पोर.

"दिलं तर इथंच बसंल ते. उडंल कसं?"

नीलमने भाताची मूठ घट्ट धरली. "म्हणून मला पण तलासरीला हॉस्टेलात टाकतेस का?"

जमनाने काठी घेतली, मांजराला हाकललं आणि माझ्या खाली भर उन्हात बसून राहिली. जेवायलाही उठली नाही. उन्हं कलली तेव्हा पिल्लाने उडी घेतली, जमिनीला टेकता टेकता सावरलं आणि कसंबसं चिकूची फांदी गाठली. आईने लगेच अळी त्याच्या चोचीत कोंबली. "बघ," जमना म्हणाली आणि काठी टेकत उठली.

त्या वर्षी जूनमध्ये पाऊस लांबला. नीलमची पेटी घेऊन जमना सकाळच्या एसटीने तलासरीला गेली आणि संध्याकाळी एकटीच परतली. थेट माझ्या खांबाशी आली. माझ्यातलं वाळलेलं घरटं हलकेच काढून बाजूला ठेवलं, मला भरलं आणि पाणी तोडलेल्या वाफ्यावर धरलं. तिनेच तोडलेलं पाणी! तळातून गळून निम्मं तिच्या पायांवरच पडत होतं.

शेठ ओरडले, "अगं जमना, रोपं नाजूक राहतील!"

"राहू देत एक दिवस," ती म्हणाली.

मित्रांनो, द्यावं कधी आणि हात आखडावा कधी, हे मला अजून उमगलेलं नाही. तुम्हाला कळलं तर येऊन सांगा. तोवर एवढं करा. अडगळीतलं भांडं भंगारात देण्याआधी आत एकदा डोकावून बघा. आणि न देणाऱ्या हाताला लगेच निर्दयी म्हणू नका. मी म्हणत होते, आणि त्याच हाताने मला पुन्हा एकदा काठोकाठ भरलं.