डाव्या बाजूचे बुवा

काळाचौकीतली चाळ पाडायला निघाली होती. रविवारी चाव्या द्यायच्या आणि मग जो तो आपल्या वाटेने, कुणी विरारला, कुणी थेट कणकवलीला. दौलतच्या खोलीतलं सगळं खोक्यांत गेलं होतं. टेबलावर फक्त कॉम्प्युटर तेवढा उरला होता. गिरणी बंद पडल्यावर दौलतने कॉम्प्युटर दुरुस्तीचा क्लास केला आणि लॅमिंग्टन रोडवरून एकेक पार्ट आणून तो स्वतःच्या हाताने जोडला. त्याला कुणी डबडं म्हटलं की दौलतच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि आता नेमका तोच दगा देत होता.

काम तरी काय साधंसुधं? चाळीच्या भजनी मंडळाची एकच कॅसेट उरली होती, एका डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याची. गायला राजाराम बुवा, पखवाजावर दौलत. काय ते दिवस! समोरच्या बुवाने पुराणातलं कोडं घालावं, राजाराम बुवांनी ते गाता गाता सोडवून त्याच्याच अंगावर उलटवावं, आणि तिन्ही मजल्यांच्या कठड्यांवर माणसं दाटलेली. आता तेच बुवा तळमजल्यावर गप्प बसून असत. घसा बसला तो उठलाच नाही, नुसती कुजबुज उरली. चाळ सोडण्याआधी एकदा स्वतःला ऐकायचं, एवढंच त्यांचं मागणं. दौलत दिसला की विचारायचे, "गावलो काय रे माझो आवाज?"

"गावतलो, बुवा," दौलत सांगायचा.

पण सापडत कुठे होता? त्या डबलबारीत दौलतने दोन माइक लावले होते, एक बुवांपुढे, एक पखवाजापुढे; बुवांचा आवाज डाव्या बाजूला, पखवाजाचा उजव्या. कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली. स्पीकर खोक्यात गेले होते, म्हणून हेडफोन लावला. उजव्या कानात पखवाज दणदणीत, आणि डावीकडे ठार शांतता. बुवा कुठेतरी लांब, शेजारच्या खोलीत गात असावेत तसे. दौलतने वायर हलवून पाहिली. बॅलन्स बघितला, तो मधोमध होता. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. कॅबिनेट उघडून साउंड कार्ड उपसलं, त्याच्या पिवळ्या पट्ट्या खोडरबरने घासल्या, परत बसवलं. शेवटी शेजारच्या मयूरचा कोरा हेडफोन मागून आणला. तरी डावी बाजू ढिम्म. म्हणजे घोडं कॅसेटमध्येच पेंड खात होतं. स्वतःचा पखवाज तेवढा जपला आणि बुवांना घालवलं, या विचाराने दौलतला भरून आलं.

त्याची बायको लक्ष्मी भांडी कागदात गुंडाळत होती. "काय झालं हो?"

"बुवाच नाहीत यात. एक बाजू कोरी आहे."

तिने हात पुसून हेडफोन कानाला लावला. थोड्याच वेळात तिची मान डोलायला लागली. "आहेत की. चांगले खणखणीत आहेत."

"कुठल्या कानात?"

"ह्या." तिने डाव्या कानाला हात लावला. "तुम्हीच बघा." आणि तिने हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला, तो उलटा.

बुवा उजव्या कानात आले. तोच चढा सूर, मध्येच "वा, दौलत" अशी दाद. आणि पखवाज मात्र लांब गेला.

दौलतने हेडफोन सुलटा लावला. परत उलटा. गिरणीत कापड विणायचा साचा चालवताना डाव्या अंगाला सतत खडखडणारा दुसरा साचा त्याला आठवला. इतकी वर्षं लोकांचे कॉम्प्युटर तपासले, आणि इथे नाचता येईना अंगण वाकडं.

"कॉम्प्युटर चांगला आहे," तो म्हणाला. "माझा कान गेलाय."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर मी सारखी तुमच्या उजवीकडे बसते."

"मग सांगायचंस ना."

"सांगितलं होतं एकदा," लक्ष्मी म्हणाली. "डावीकडून."

दौलतला हसू आवरेना, आणि डोळेही आवरेनात.

संध्याकाळी भजन मोबाइलवर टाकून तो तळमजल्यावर गेला. बुवांच्या शेजारी बसून त्याने त्यांच्या कानांवर हेडफोन नीट बसवला. बुवांचे ओठ हलायला लागले, बोटं मांडीवर ठेका धरू लागली. भजन संपलं तेव्हा त्यांचे गाल ओले होते. ते काहीतरी पुटपुटले. दौलतला कळलं नाही. कालपर्यंत तो "होय, होय" म्हणून मोकळा झाला असता. आज तो उठला, बुवांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला आणि उजवा कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"माका आयकाक येवक नाय, बुवा. परत सांगा."

"म्हटलंय," बुवा कुजबुजले, "परत एकदा लाव."