एकजण वर हवा

लेकाला आजीकडे ठेवून दोघं पहिल्यांदाच स्कूबासाठी समुद्रावर आली होती. पण एकदम दोघांनी पाण्याखाली जायचं नाही, लेकासाठी एकजण वर हवाच, हा नियम तिचाच.

"सरकारचा हुकूम," म्हणत नवरा आधी उतरला. ती होडीत बुडबुड्यांवर नजर लावून, जीव मुठीत धरून बसली.

मग तिची पाळी आली. खाली भलंमोठं कासव अगदी जवळून गेलं. हरखून तिने शेजारचा दंड धरला, तर तो शिकवणाऱ्याचा. तिने ओशाळून हात काढून घेतला.

वर आल्यावर नवऱ्याने टॉवेल पुढे केला. "दिसलं कासव?"

"दिसलं."

"मलाही. उद्या बरोबर उतरू या का?"

हो म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं.

"आधी तू जा," ती म्हणाली.